कट केला म्हणजे येतेय

मी मुळातच भित्री. लहानपणी जिन्यातला दिवा गेला की मी तळमजल्यावरून आईला हाक मारायचे, आणि ती वरून बोलत राहील तेवढा वेळच पायऱ्या चढायचे. ती गप्प झाली की मीही थांबायचे. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," आई वरून ओरडायची, पण बोलायचं थांबवायची नाही.

पुढे नोकरी लागली तीसुद्धा भिण्याचीच. मी मोबाईलवरचे गेम तपासते. लोक जिंकायला खेळतात. मी खेळते ती कुठे काय मोडेल या धास्तीने. बक्षिसाची पेटी उघडताना नेट गेलं तर? नेमकं तेव्हाच बॅटरी संपली तर? कुणी एकाच वेळी दोन बोटांनी दोन बटणं दाबली तर? हे प्रश्न घरी विचारले की डोकं खातेस म्हणतात, ऑफिसात त्यांचा पगार देतात. ऑफिस लोअर परळला, जुन्या मिलच्या कंपाउंडमधल्या काचेच्या इमारतीत. बाबा होते ती मिल ही नव्हे, ते दुसऱ्या मिलमध्ये होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ऐकणाऱ्याला गोष्ट जुळवायची भारी घाई असते.

घर लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, मागे मोरी, पुढे गॅलरी. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. आई गावाहून लग्न होऊन आली त्याला कितीतरी वर्षं झाली, तरी अजून मालवणीतच बोलते. मी तिला अर्धं मालवणीत आणि अर्धं मुंबईच्या मराठीत उत्तर देते.

आमच्या दोघींचं फोनवरचं एक स्वतंत्र बोलणं होतं, आणि त्यात बोलायचं नसायचं. मी कॉलेजात असताना फोनचे पैसे जपून वापरावे लागत, तेव्हा ते सुरू झालं. आईने फोन केला आणि मी कट केला, की त्याचा अर्थ: ऐकलं, येतेय. मग ती भात लावायची. मी चाळीखाली आले की एक रिंग देऊन फोन ठेवायचा. म्हणजे: पोचले, कडी काढ. बाबा गेल्यावर आई दिवसाही आतून कडी लावून बसायची. तिचे गुडघे दुखतात, पलंगावरून उठून दारापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागायचा साधारण तेवढाच मला तीन जिने चढायला लागायचा. मी दाराशी आले की आतून कडी निघालेली असायची. मला दार वाजवावं लागलंय असं आठवतच नाही.

आणि तिसरी खूण म्हणजे फोन उचलणं. उचलला म्हणजे काहीतरी वाईट. ही खूण कुणी ठरवली नव्हती, ती आपोआप पडली. बाबांना मी वाटेतूनच परस्पर हॉस्पिटलात नेलं त्या दुपारी आईने नेहमीसारखा फोन केला, आणि मी तो पहिल्यांदा उचलला, कारण सांगायलाच हवं होतं. त्यानंतर आमच्यात फोन उचलायची दोघींनाही भीती बसली. पुढे फोनवर बोलणं फुकटात पडायला लागलं, जग तासन्‌तास बोलायला लागलं, आम्ही मात्र कट करत राहिलो. चुकून मी कधी उचललाच तर आई चिडायची. "उचलू नको म्हणान सांगितलंय ना? माझा काळीज हलता. कट कर, माका कळता."

आता कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हाताने गेम तपासणं म्हणजे तेच ते शंभर वेळा. म्हणून ते काम स्क्रिप्टला शिकवायचं ठरलं. लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट चालते, फोन त्याला वायरने जोडलेला असतो, आणि जे बोटाने करायचं ते स्क्रिप्ट करते. साध्या ॲपमध्ये हे सोपं. तिथे प्रत्येक बटणाला आतून नाव असतं. गेममध्ये तसं नसतं, बाहेरून बघणाऱ्याला सगळा पडदा म्हणजे एकच चित्र. मग आम्ही काय करायचो, बटणांचे फोटो कापून ठेवायचो आणि स्क्रिप्टला सांगायचो, हा तुकडा पडद्यावर शोध आणि सापडेल तिथे दाब. किती जुळलं म्हणजे जुळलं समजायचं, तेही आम्हीच ठरवायचं. फार काटेकोर ठेवलं तर बटणावर जरा चमक आली तरी स्क्रिप्ट ओळख दाखवत नाही. सैल ठेवलं तर कुणालाही मिठी मारते.

आमचा गेम मिठाईचा होता. तीन लाडू एका ओळीत आणले की फुटतात. त्यात मध्येच खिडक्या उघडायच्या: आजचं बक्षीस, नवी ऑफर, आम्हाला तारे द्या. प्रत्येक खिडकीला बंद करायला कोपऱ्यात लाल गोल आणि त्यात पांढरी फुली. चित्रं काढणाऱ्यांना स्वस्थ बसवत नाही. दिवाळी आली की त्या फुलीला ते पणती लावणार, संक्रांतीला पतंग. मग माझी स्क्रिप्ट त्या खिडकीसमोर खुळ्यासारखी उभी राहायची, आणि सकाळी येऊन बघावं तर सगळ्या चाचण्या नापास.

शेवटी वैतागून मी एक राखणदार लिहिला. त्याचं काम एवढंच की गेममध्ये काहीही चालू असो, पडद्यावर कुठेही लाल गोल दिसला आणि त्यात पांढरं काही असलं की दाबायचं आणि पुढे जायचं. आत फुली आहे की पणती, बघत बसायचं नाही. जुळणी मी मुद्दाम सैल ठेवली. दुसऱ्या सकाळी सगळं हिरवंगार, सगळ्या चाचण्या पास. आमचा टीम लीड, माझ्यापेक्षा थोडा मोठा आणि स्वभावाने टवाळ, माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "क्या बात है! आता तू घरी बस, तुझा वॉचमन बघेल सगळं." मला फार बरं वाटलं. भित्र्या माणसाला राखणदार मिळाला की बरं वाटतंच.

तो दिवस उन्हाळ्यातला. मसाल्याचे दिवस. एप्रिल-मेमध्ये सगळी मुंबई लालबागला मिरच्या कुटून घ्यायला येते. आमच्या चाळीखालीच डंक आहे, लोखंडी मुसळं सकाळपासून आदळत असतात. तिखट हवेने घसा धरतो, म्हणून चाळीतली सगळी दारं-खिडक्या बंद. गॅलरीत एरवी बायकांची बैठक असते, त्या दिवसांत तिथे चिटपाखरू नसतं. बाजूच्या खोलीतल्या वहिनीसुद्धा तेव्हा खाली मिरच्यांच्या रांगेत असतात, नाहीतर नाकाला पदर लावून आत.

मी निघताना आई म्हणाली, "आज न्हातंय मी डोक्यावरसून. लवकर ये. येताना सोलां घेऊन ये." मी कोकमं आणते म्हटलं. आज क्लायंट येणार होते, डोकं तिकडेच होतं.

गडबड अशी होती की एका ठरावीक स्वस्तातल्या फोनवर आमचा गेम अडकत होता, आणि तोही सिमकार्डाच्या नेटवर खेळलं तरच, आणि आता अडकत नाही हे क्लायंटना दाखवायचं होतं. ऑफिसच्या फोनांत ते मॉडेल नव्हतं, मागवलेलं आलं नव्हतं. माझ्या हातात मात्र तेच होतं. लीड म्हणाला, "तुझा दे ना आजच्या दिवस. सिम राहू दे आत, खऱ्या माणसाचा फोन असतो तसाच पाहिजे." मी दिला. त्यात माझे मेसेज येतील, फोन येतील, हे माहीत होतं. पण राखणदार होता ना.

मीटिंगरूममध्ये माझा फोन स्टँडवर उभा केला, लॅपटॉपला जोडला आणि त्याचा पडदा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दाखवला. क्लायंटची माणसं खुर्च्यांत. स्क्रिप्ट सुरू झाली. लाडू फुटायला लागले. स्क्रिप्टला एखादा तुकडा ओळखू आला की टीव्हीवर त्याच्याभोवती पिवळी चौकट उमटायची आणि पुढच्या क्षणी तिथे दाबलं जायचं. बघायला खरंच छान वाटत होतं. कुणी हात लावत नाहीये आणि खेळ चाललाय.

तेवढ्यात टीव्हीच्या वरच्या कडेने पट्टी उतरली. तिच्यावर 'आई' असं नाव आणि तिचा फोटो. गावातल्या लग्नात काढलेला, उन्हाने डोळे बारीक केलेले. एका टोकाला हिरवा गोल, दुसऱ्या टोकाला लाल. लाल गोलात पांढरा रिसीव्हर. त्याच्याभोवती पिवळी चौकट आली आणि पट्टी गेली.

खोलीत हशा पिकला. क्लायंटपैकी एक बाई म्हणाल्या, "वा, फोन आलेलाही सांभाळतो!" आणि लीड म्हणाला, "मम्मी का कॉल भी पास!" मीही हसले. मनात आलं, न्हाऊन झालं असेल, कधी येतेस विचारत असेल. कट झाला म्हणजे तिला वाटणार निघाले. बघेल जरा वाट. एवढ्याने काही बिघडत नाही.

लाडू फुटत राहिले. मग पट्टी पुन्हा उतरली. आई. चौकट. गेली.

या वेळी कुणी फारसं हसलं नाही, मीही नाही. आई दुसऱ्यांदा फोन करत नाही. कट झाला की तिचं बोलणं पूर्ण झालेलं असतं. त्यानंतर पुन्हा काय विचारायचं? इतक्या वर्षांत तिने कट झाल्यावर पुन्हा फोन केला नव्हता. सोलांची आठवण करायला? नाही. तेवढ्यासाठी ती माझं 'येतेय' खोटं धरणार नाही.

मी अर्धवट उठले. लीडने टेबलाखालून हात हलवला, बस. "दो मिनिट. राउंड होऊ दे," तो ओठांनीच म्हणाला. आणि मी बसले. का बसले ते मला आजही नीट सांगता येत नाही. क्लायंटची भीती, लीडची भीती, उगाच घाबरतेय असं ठरायची भीती. जन्मभर ज्याला त्याला घाबरले, आणि खरोखर घाबरायची वेळ आली तेव्हा भलत्यालाच घाबरले.

पट्टी तिसऱ्यांदा उतरली. आईचे ते बारीक केलेले डोळे त्या मोठ्या टीव्हीवर आले. पिवळी चौकट तिच्या गालाला लागून उमटली. गेली.

मी उठून स्टँडवरचा फोन हातात घेतला. वायर तशीच लोंबत होती. आईचा नंबर लावला. एक रिंग गेली आणि फोन बंद झाला. मला वाटलं नेटवर्क. पुन्हा लावला. एक रिंग, बंद. मागून कुणीतरी श्वास ओढलेला ऐकू आला, म्हणून मी टीव्हीकडे वळून बघितलं. आपण फोन लावतो तेव्हा पडद्यावर काय असतं? खाली मधोमध एक लाल गोल, फोन ठेवायचा. माझा राखणदार तो बंद करत होता. माझ्या हातात माझा फोन, आणि त्याच्यावर दाबणारं दुसरंच कुणीतरी. आयुष्यात इतकी कशाला घाबरले नव्हते.

मी वायर उपटून काढली. लॅपटॉप सरकला, कुणाचा तरी पाण्याचा ग्लास पडला. आता फोन लावला तर रिंग जात राहिली, जात राहिली आणि आपोआप बंद झाली. आईने उचलला नाही. तिने कटही केला नाही.

मग एकदम लक्षात आलं की मघाशी आईला माझ्याकडून एक रिंग गेली होती. दोनदा. एक रिंग म्हणजे पोचले, कडी काढ.

वहिनींना लावला. वाजत राहिला. डंकाच्या रांगेत कुणाला काय ऐकू येणार? मी पर्स न घेता लिफ्टकडे धावले. लीड मागून काहीतरी विचारत होता. "घर!" एवढंच म्हटलं मी.

टॅक्सी करी रोडच्या पुलाच्या तोंडाशीच अडकली. फोनवरूनच भाडं देऊन उतरले आणि पुलावरून पळत सुटले. भित्र्या माणसाची कल्पनाशक्ती दांडगी असते आणि माझी तर पगारी. गॅस राहिला असेल तर. चक्कर आली असेल तर. कुणी आत शिरलं असेल आणि ती मोरीत लपून फोन करत असेल तर. हार्ट असेल तर, बाबांसारखं. प्रत्येक 'तर'च्या पुढे एकच गोष्ट येत होती: तिने मला बोलावलं आणि मी येते म्हणून सांगितलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. आणि मी काचेच्या खोलीत लाडू फुटताना बघत बसले होते. मी रस्त्यात मोठ्याने म्हणत होते, येतेय गे, येतेय. माणसं वळून बघत होती.

भारतमाता टॉकीजच्या पुढे मिरचीची हवा लागली. खोकला सुरू झाला, डोळ्यांतून पाणी. डंकाचा आवाज जवळ येत गेला. तो आवाज इतका मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. आतून कुणी कितीही ओरडलं असतं तरी त्याखाली बुडालं असतं. तीन जिने कसे चढले आठवत नाही. गॅलरीत सगळी दारं बंद.

आमच्या दाराची कडी आतून काढलेली होती. दार बोटभर उघडं होतं. मी ढकललं तर ते कशाला तरी मऊ वस्तूला लागून थांबलं. पुन्हा ढकलायचं धाडस होईना.

आतून, खालून, अगदी जमिनीजवळून आवाज आला, "हळू गे. माझो पाय आसा."

मी दाराच्या फटीतून अंग तिरकं करून आत गेले. आई उंबऱ्याशी पडली होती, ओला परकर छातीपर्यंत ओढलेला, केस सुटे, शिकेकाई अजून केसांत तशीच. एक पाय विचित्र वळलेला. मोरीपासून दारापर्यंत फरशीवर पाण्याचा पट्टा उमटला होता. कपडा पिळायच्या आधी फरशीवरून ओढत नेला की उमटतो तसा. मी तिथेच खाली बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचं अंग गार लागत होतं.

"इलंस? उशीर झालो," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. भात गार झाला सांगावं तसं म्हणाली.

मोरीत पाय घसरला होता. फोन नेहमीप्रमाणे कठड्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, माझी रिंग चुकू नये म्हणून ती न्हातानाही जवळ ठेवते. पडल्या पडल्या तिने फोन केला. कट झाला. "म्हटलंय, येतलंस. मगे काय भिया?" पुन्हा दुखायला लागलं तेव्हा पुन्हा केला, मग तिसऱ्यांदा केला. पुन्हा कट. म्हणजे जवळ आली असणार.

"पण हाक मारायचीस ना गे कुणाला तरी," मी रडत म्हटलं. "वहिनींना, कुणालाही."

"कोणाक मारतलंय? दाराक कडी. पुरुष माणसा येऊन दार तोडतली, आणि अंगार धड कपडो नाय. आणि तू येत होतंस ना?"

मग एक रिंग आली. मग आणखी एक. आईला वाटलं मी चाळीखाली पोचले आणि जिना चढायला लागले. मी वर येईन तेव्हा कडी काढलेली हवी, म्हणून फोन तिथेच टाकून ती निघाली. मोडका पाय ओढत, कोपरांवर, मोरीतून दारापर्यंत. दाराच्या फळीला धरून तिने कडी काढली आणि तिथेच पुन्हा पडली. त्यानंतर मी केलेला फोन मोरीत वाजत होता तो तिला ऐकू आला असेल की नाही, मी कधी विचारलं नाही.

वहिनी मिरच्यांची पिशवी घेऊन वर आल्या आणि आम्हाला बघून पिशवी तिथेच टाकून आल्या. त्यांनीच आईला साडी गुंडाळली. मग चाळीतल्या चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली आणलं, आणि डंकवाल्याने ती जाईपर्यंत डंक बंद ठेवला. एकदम इतकी शांतता झाली की मला आणखीच भीती वाटली.

परळच्या हॉस्पिटलात फोटो काढले. खुब्याचं हाड. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून मला दाखवलं. म्हणाले, "पडल्यावर तडा असेल. नंतर हलल्यामुळे सरकलंय. पडून राहायला हवं होतं, उठायला कुणी सांगितलं?" कुणी सांगितलं होतं ते मला माहीत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लीडचा फोन आला. आई कशी आहे, काही लागलं तर सांग, असं मनापासून विचारलं त्याने. मग जरा थांबून म्हणाला, "तू टेन्शन नको घेऊ हां, त्या दिवशी तू वायर काढलीस तोपर्यंतची रन क्लीन गेली. तुझे ते कॉल्स पण सगळे पास." वाईट माणूस नाही तो. मला दिलासा द्यायला सांगत होता. मी वॉर्डच्या दाराशी उभी राहून ऐकत होते. आईचे फोन पास झाले होते. स्क्रिप्टने तिला जे सांगितलं त्यात स्क्रिप्टच्या मते काहीच चुकलं नव्हतं. गेम एकदाही अडकला नव्हता.

आईला मी ते ऑपरेशननंतर सांगितलं. आधी सांगायची हिंमत झाली नाही. तिला जेवण भरवत होते. म्हटलं, "आई, त्या दिवशी फोन मी नाही कट केला. मशीननं केला. मला कळलंच नाही." आणि स्क्रिप्ट, लाल गोल, टीव्ही, सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून.

तिने तोंडातला घास गिळला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, समजलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी थय पडल्लंय, तेव्हा तू येत नव्हतंस."

"नव्हते," मी म्हटलं.

तिने तोंड फिरवलं. घास नको म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घाबरली होती. मोरीत पडली असताना घाबरली नव्हती ती आई आता, पाय जोडून झाल्यावर, दिव्यांच्या उजेडात, मी शेजारी असताना घाबरली. तिचा हात पांघरुणावर चाचपडत माझा हात शोधत होता, आणि सापडल्यावर तिने तो सोडला नाही.

कामावर परत गेल्यावर मी सगळ्यात आधी राखणदार बदलला. आता फोनची पट्टी दिसली की स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते आणि माणसाला बोलावते. माझा फोन मी पुन्हा कुणाला दिला नाही. लीडने मागितलाही नाही.

आई आता वॉकर घेऊन चालते. मोरीत खरखरीत फरशी बसवली, कडी काढून बाहेरून चावीने उघडणारं कुलूप लावलं. जिन्याखालून रिंग देण्याची आता गरज उरली नाही. पण संध्याकाळी तिचा फोन येतोच. पूर्वीच्याच वेळेला. पडद्यावर तोच फोटो, उन्हाने बारीक केलेले डोळे, आणि शेजारी तो लाल गोल. पहिल्या दिवशी सवयीने अंगठा तिकडे गेला, पण दाबवेना. मी फोन उचलला.

पलीकडे एकदम श्वास अडकल्याचा आवाज आला. "काय झाला?" आई म्हणाली. तिच्यासाठी उचलणं अजून तेच होतं.

"काय नाय गे. येतेय सांगायला उचलला."

"मगे कट करूचा ना," ती म्हणाली, पण तिचा आवाज काही सावरला नाही.

मी रोज उचलते. तिला भीती वाटते हे माहीत असून उचलते, कारण कट केला तर कसली भीती वाटेल तेही मला माहीत आहे. मला वाटलं होतं हळूहळू सवय होईल आणि ती 'काय झाला' विचारायचं सोडेल. ते तिने सोडलं. आता मी फोन उचलला की ती आधी गप्प राहते. मी 'येतेय' म्हणते. तरी ती गप्पच असते, पलीकडून डंकाचा आवाज येत असतो, आणि मग ती हळूच विचारते, "तूच मा गे?"

"मीच गे, आई," मी म्हणते. आणि ती भात लावेपर्यंत मी बोलत राहते.